विश्रांतवाडीहून नाटकाला

पुण्याच्या ईशान्येला राहणाऱ्या माणसासाठी नाटकाला जाणे म्हणजे नदी ओलांडणे. मुळा ओलांडली की शिवाजीनगर आणि पुढे बालगंधर्व रंगमंदिर. मग मुठा ओलांडली की भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक मंदिर, सुदर्शन रंगमंच. विश्रांतवाडीच्या चौकातून मोजले तर हे अंतर आठ-नऊ किलोमीटरांचे भरेल. एवढ्या अंतरावर इथली माणसे रोज कामाला जातात, मुले क्लासला जातात, आजारी माणसाला घेऊन ससूनला जातात. नाटकाला मात्र फारशी जात नाहीत. त्यामुळे अडचण अंतराची नसावी, अशी शंका घ्यायला जागा आहे.

हा भाग एका रंगाचा नाही. कळस, धानोरी, टिंगरेनगर, फुलेनगर, शेजारचे येरवडे असा सगळा परिसर धरला, तर मूळच्या गावकऱ्यांबरोबर मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून दुष्काळाच्या वर्षांत आलेली कुटुंबे, उत्तरेकडून आलेले बांधकाम मजूर, लोहगावच्या हवाई दलाच्या आणि दिघी-खडकीच्या लष्करी ठाण्यांच्या आधाराने स्थिरावलेली नाना प्रांतांची माणसे, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती वस्त्या आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या असे सगळे एकमेकांना खेटून आहे. समाजकल्याण खात्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन इथेच आहे आणि या परिसरात शासकीय वसतिगृहेही आहेत. तिथे राहणारा मुलगा बीडचा असतो, नांदेडचा असतो, नंदुरबारचा असतो. पुण्यात शिकायला आलेला हा तरुण तीन-चार वर्षे या शहरात काढतो आणि त्यातल्या किती संध्याकाळी तो नाट्यगृहात, चित्रप्रदर्शनात किंवा मैफलीत बसलेला असतो, हा प्रश्न आपल्या सांस्कृतिक चर्चेत येत नाही.

येतो तो एका वेगळ्या रूपात: सहलीच्या. शाळा, सेवाभावी संस्था, रोटरीसारखी मंडळे, कंपन्यांचे सामाजिक निधी बस करून मुलांना नाटकाला नेतात, संग्रहालय दाखवतात, गाण्याला बसवतात. बसपुढे फलक धरून छायाचित्र निघते, वर्षाच्या अहवालात मुलांचा आकडा छापला जातो. या उपक्रमांचे कौतुक भरपूर होते, समीक्षा होत नाही. नाटक कसे झाले हे आपण बारकाईने तपासतो. प्रेक्षक कसा आणला, त्याला कुठे बसवले, त्याच्याकडून काय अपेक्षिले, हे तपासण्याची आपल्याला सवय नाही. कलासहल हाही एक रचलेला प्रकार आहे, त्यालाही पात्रयोजना आणि शेवट असतो, असे धरून तो वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समूहाने कलेकडे जाणे ही गोष्ट विश्रांतवाडीला कोणी शिकवायला नको. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दिघीवरून विश्रांतवाडी, फुलेनगर अशी पुण्यात शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तर दिंडी ही आपल्या समाजाने घडवलेली अतिशय कसलेली कलासहल आहे. पायांना पावली, हातांना टाळ, तोंडाला अभंग, रात्री मुक्कामाला कीर्तन. नवखा माणूस त्यात कसा सामावतो हे पाहण्यासारखे असते. त्याला अभंग येत नाही. पण चाल सांगणारा एक चरण म्हणतो आणि सगळी ओळ तो उचलते, मग पुन्हा तोच चरण. दोन मुक्कामांत नवख्याच्या तोंडी धृपद बसते. हातात टाळ कोणीतरी आपणहून देतो. विणेकरी, मृदंग वाजवणारा, चोपदार यांची कामे ठरलेली आणि बाकीच्यांनी चालायचे, म्हणायचे. रसिकतेची परीक्षा घेऊन कोणी दिंडीत घेत नाही. रसिकता दिंडीतच तयार होते, चालता चालता.

पण याच दिंडीचा शेवट जिथे होतो तिथे दार होते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेवांच्या पायरीजवळ आहे. अभंग त्यांचे, दिंडीत म्हटले जाणार सर्वांच्या तोंडी आणि दाराच्या आत जायला त्यांच्या जातभाईंना साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण करेपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे सोबत आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोबतीने माणूस दारापर्यंत पोचतो. आत त्याला जागा आहे की नाही, हे दार ज्यांच्या हातात आहे त्यांच्यावर ठरते. आजच्या कलासहली पाहताना मला हा फरक फार उपयोगी वाटतो, कारण बहुतेक सहली पहिली गोष्ट करून दुसरी झाली असे समजतात.

जागा म्हणजे खुर्ची नव्हे. खुर्ची तिकिटाने मिळते. आपल्या काव्यशास्त्रात प्रेक्षकाला सहृदय म्हटले आहे आणि अभिनवगुप्ताने त्याची खूण सांगितली आहे ती अशी, की काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचा मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. या व्याख्येतल्या हृदयाकडे आपण नेहमी पाहतो, अनुशीलनाकडे पाहत नाही. सहृदय जन्माला येत नाही, सरावाने होतो, हे त्यात स्पष्टच आहे. मग सराव कोणाला मिळतो, हा प्रश्न शास्त्रकारांनी विचारला नाही. तो विसाव्या शतकात फ्रान्समध्ये पिएर बोर्दिए आणि आलाँ दार्बेल यांनी विचारला. युरोपातल्या कलासंग्रहालयांत कोण जाते याची पाहणी करून त्यांनी १९६६ साली पुस्तक काढले. त्याचा निष्कर्ष असा, की संग्रहालयात जाणे मुख्यतः शिक्षणाशी बांधलेले आहे आणि तिकीट रद्द केले तरी ज्याला आत काय पाहायचे हे कधी दाखवले गेले नाही तो आत येत नाही. शिवाय न येण्याचा दोष तो स्वतःलाच लावतो. ‘आपल्याला त्यातले कळत नाही’ हे वाक्य पुण्यातही ऐकू येते, आणि ते म्हणणारा विनय दाखवत नसतो, एक सामाजिक वस्तुस्थिती सांगत असतो.

याच फ्रान्सने पुढे पैशाचा उपाय करून पाहिला. २०२१ पासून देशभर १८ वर्षांच्या प्रत्येक तरुणाला सांस्कृतिक खर्चासाठी ३०० युरो देणारी योजना आली. मुलांनी त्यातून मोठ्या प्रमाणात पुस्तके घेतली, त्यातही जपानी चित्रकथा. त्यावर तिथल्या भद्र वर्तुळात बरीच नाके मुरडली गेली. मला त्या मुलांची निवड अगदी समजते: एकट्याच्या हातात पैसे दिले तर माणूस ओळखीच्या दारातूनच आत जातो. सरकारलाही हे उमगले असावे; २०२२ पासून याच योजनेत शाळेच्या वर्गांनी मिळून वापरायचा एक सामूहिक वाटा ठेवण्यात आला. एकट्याची रक्कम २०२५ मध्ये निम्म्यावर आली.

समूहाने नेल्याचा परिणाम मोजायचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत झाला. अर्कान्सासमधल्या बेंटनव्हिल या गावी २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस नावाचे मोठे कलासंग्रहालय उघडले. शाळांचे अर्ज इतके आले की कोणाला आधी न्यायचे हे चिठ्ठी काढून ठरवावे लागले. संशोधकांना हवे होते तेच आयते मिळाले: जाऊन आलेली मुले आणि अजून न गेलेली तशीच मुले. १२३ शाळांमधल्या सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांची तुलना झाली. अर्ध्या दिवसाच्या एका भेटीनेही चित्राबद्दल नेमके बोलण्याची ताकद वाढलेली दिसली, आणि खेड्यांतल्या व गरीब वस्त्यांतल्या मुलांवर परिणाम जास्त होता. जाऊन आलेली मुले कुटुंबासह परत येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक निघाले. या अभ्यासातला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे. भेटीत मुलांना चित्रांची माहिती फारशी सांगितली गेली नव्हती. चार-पाच चित्रांपुढे थांबून त्यांना काय दिसते ते बोलू दिले होते. आपल्याकडच्या सहलीत मार्गदर्शक बोलतो आणि मुले रांगेत असतात.

आता नाट्यगृहाच्या दाराकडे येऊ. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाटकाच्या जन्माची कथा आहे. वेद ज्यांना ऐकू दिले जात नव्हते त्यांच्यासह सर्व वर्णांसाठी ब्रह्मदेवाने हा पाचवा वेद निर्माण केला, एवढी गोष्ट आपण संमेलनांच्या भाषणांत नेहमी ऐकतो. भाषणे तिथेच थांबतात. कथा पुढे फार नाट्यमय आहे. पहिला प्रयोग होतो तो देवांनी दैत्यांवर मिळवलेल्या विजयाचा. दैत्यही प्रेक्षकांत आहेत. आपला पराभव करमणूक म्हणून मांडलेला पाहून ते संतापतात आणि विघ्ने आणून नटांची वाचा, हालचाल, स्मृतीच गोठवून टाकतात. इंद्र ध्वजदंडाने त्यांना झोडपतो. तरी धास्ती राहतेच, म्हणून भरतमुनी ब्रह्मदेवाकडे जातात आणि मग विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले जाते. प्रत्येक खांबाला, प्रत्येक दाराला राखण बसते.

म्हणजे आपल्या परंपरेतले पहिले नाट्यगृह उभे राहिले ते नाराज प्रेक्षकापासून नटांना वाचवण्यासाठी. इतक्या मोकळेपणाने ही गोष्ट सांगून ठेवणाऱ्या त्या ग्रंथकाराचे मला नेहमी कौतुक वाटते. पण कथा इथेही संपत नाही. देव म्हणतात, बळाने झाले, आता सामोपचाराने बोलून पाहा. ब्रह्मदेव दैत्यांकडे जातो आणि त्यांना विचारतो, तुम्हाला राग का आला? त्यांचे उत्तर सरळ आहे: हे तुम्ही देवांच्या बाजूने रचले, आम्हीही तुमच्यापासूनच झालो आहोत. त्यावर ब्रह्मदेव समजावतो, की नाट्य एकट्या देवांचे नाही, त्यात तुमचेही शुभाशुभ आहे, सगळ्या लोकांचे आहे. आश्वासन मोठे आहे. ते पाळले गेले का, हे रंगभूमीच्या इतिहासात शोधावे लागते.

मराठी रंगभूमीचा इतिहास त्या दृष्टीने पाहिला तर १८५५ हे वर्ष लागते. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले ते त्या वर्षी. भटाने फसवलेले कुणबी जोडपे, मध्येच बोलून पडदा फाडणारा विदूषक, आणि शेवटी शिकायला निघालेले नवरा-बायको. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ उजाडले. ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले १८८० मध्ये, आणि त्यापुढची रंगभूमी ज्या पेठांमध्ये वाढली तिथला प्रेक्षक तिने आपला मानला. हे नोंदवण्यात तक्रारीचा सूर नाही. पण आज विश्रांतवाडीतून नदीपलीकडे पाहताना जे अनोळखी वाटते ते असे घडत आले आहे.

मुलांना मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवून नाटक करण्याचे काम सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने सुरू केले. परी, राक्षस, जादू आणि देखणे नेपथ्य. मग १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात थिएटर अकादमीत आली आणि ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ झाले. ग्रिप्सने मराठी बालरंगभूमीवर केलेले काम थोर आहे. पऱ्या गेल्या, मुलांच्या भूमिका मोठी माणसे करू लागली, आणि रंगमंचावर घर, शाळा, आईबाबांची भांडणे, खेळायला नसलेली जागा असे मुलांचे खरे प्रश्न आले. बर्लिनमध्ये या नाटकांच्या सकाळच्या प्रयोगांना शाळांचे वर्गच्या वर्ग येतात, आणि ते नाटक त्या वर्गाला धरून रचलेले असते. पुण्यातल्या ग्रिप्सबद्दल माझा आक्षेप एवढाच, की त्यातले मूल बहुतेकदा सोसायटीतले राहिले. त्याला कंटाळा येतो, त्याला खेळायला हवे असते, मोठी माणसे त्याचे ऐकत नाहीत. हे प्रश्न खरेच आहेत. पण फुलेनगरातल्या मुलाला नेऊन बसवले तर ते हसेल, टाळ्या वाजवेल आणि हे नाटक दुसऱ्या कोणाचे तरी आहे हे ओळखून परत येईल. इतक्या चांगल्या नाटकाने हे घडावे याचे वाईट वाटते.

उलट दिशेने काय होते ते २०१२ मध्ये दिसले. संभाजी भगतांची संकल्पना, राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि जालना जिल्ह्यातले, त्यांतले कित्येक शेती करणारे कलावंत, असे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ रंगभूमीवर आले. मराठवाड्याची बोली, शाहिरी, यमाला शिवाजीच्या विचारांमागे भीमनगरापर्यंत फिरवणारी धमाल गोष्ट. या नाटकाला जो प्रेक्षक आला त्याने नाट्यगृहांना चकित केले. वस्त्यांमधून, संघटनांमधून, महाविद्यालयांमधून गटागटाने माणसे आली आणि त्यांतल्या अनेकांची व्यावसायिक नाट्यगृहात येण्याची ती पहिली वेळ होती. त्यांना ‘आणावे’ लागले नाही. ती एकत्र आली कारण नाटकात काहीतरी आपल्याबद्दल, आपल्या भाषेत चालले आहे ही बातमी तोंडोतोंडी गेली. प्रयोगात ती बोलली, प्रतिसाद दिला, घोषणा दिल्या. शांत बसणे हाच रसिकतेचा पुरावा मानणाऱ्यांना ते खटकले असेल. माझ्या मते त्या नाट्यगृहांमध्ये त्या रात्री ब्रह्मदेवाचे आश्वासन थोडेफार पाळले जात होते.

‘सैराट’च्या वेळी २०१६ मध्ये चित्रपटगृहांत याहून मोठ्या आकाराने तेच घडले. गावोगावची पोरे टोळक्याने गेली, गाणे लागल्यावर पडद्यापुढे नाचली. त्यावर जास्त लिहीत नाही; बरेच लिहून झाले आहे.

पण या दोन उदाहरणांवरून ‘चांगले नाटक करा, प्रेक्षक आपोआप येईल’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘शिवाजी अंडरग्राउंड’ रोज होत नाही, आणि ज्याने ते पाहिले तो दुसऱ्या दिवशी वाडा चिरेबंदीला जाईलच असे नाही. तिथे सहलीचे काम उरतेच. ते कसे असावे याचा मला पटणारा नमुना ठाण्यात सापडतो. आयुष्यभर बालनाट्य केलेल्या मतकरींनी उतारवयात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. ठाण्यातल्या वस्त्यांमधली किशोरवयीन मुले-मुली आपल्याच वस्तीतला विषय घेतात, छोटी नाटिका रचतात, बसवतात आणि एकमेकांपुढे, पाहुण्यांपुढे सादर करतात. रंगभूमीवरची अनुभवी माणसे त्यांना हात देतात. दारू, पाणी, मुलींची शाळा सुटणे, दादागिरी हे त्यांचे विषय. बाहेरून पाहणाऱ्याला ती नाटके कच्ची वाटतील. पण या मुलांनी रंगमंचाच्या आतून प्रकाश पाहिलेला असतो, एन्ट्री चुकली तर काय होते हे भोगलेले असते. असे मूल नंतर प्रेक्षागृहात बसते तेव्हा ते पाहुणे म्हणून बसत नाही. ‘मधुमंजिरी’पासून इथपर्यंतचा मतकरींचा प्रवास हा मराठी बालनाट्यावरचा मला माहीत असलेला सगळ्यात बोलका अभिप्राय आहे, तो त्यांनी लेख लिहून दिला नाही, काम करून दिला.

वसतिगृहांच्या संदर्भात आणखी एक जुने उदाहरण द्यायला हवे. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात खेड्यांतून आलेली मुले राहून शिकत होती. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी त्यांच्यासाठी ‘युगयात्रा’ लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते केले. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाला मान आहे तो त्यामुळेच. औरंगाबादेत मोठी नाट्यगृहे नव्हती, कोणी बस पाठवली नव्हती. वसतिगृह हेच कलेचे घर झाले होते. आजच्या शासकीय वसतिगृहात स्नेहसंमेलन होते, जयंत्या होतात, चित्रपटगीतांवर नाच होतात. त्यात काही गैर नाही. पण एखाद्या अधीक्षकाला चिटणीसांसारखे सुचले तर वाटेत नियम येणार नाही, हेही खरे.

पुण्यात तरुणांच्या समूहाने नाटक पाहण्याची एक अस्सल जागा आहे, ती म्हणजे महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा. १९६३ पासून चाललेली. भरत नाट्य मंदिरात महाविद्यालयांचे जथेच्या जथे येतात, बाहेर आरोळ्या देतात, आत श्वास रोखून एकांकिका पाहतात आणि बाहेर येऊन रात्रभर भांडतात. अभिरुचीचे अनुशीलन म्हणतात ते हेच. विश्रांतवाडीच्या वसतिगृहातला मुलगा तिथे पोचतो तो महाविद्यालयाच्या चमूत कोणी त्याला नेपथ्य उचलायला घेतले तर. उचलायला गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षी प्रकाशयोजनेपाशी उभा असतो, तिसऱ्या वर्षी एकांकिकेचा विषय सुचवतो. हा रस्ता अरुंद आहे, स्पर्धेची भाषा मराठी असल्यामुळे विश्रांतवाडीतल्या हिंदी, तेलुगू किंवा नेपाळी बोलणाऱ्या मुलाला तो आणखी अरुंद. पण तो रस्ता आहे. तिथल्या कोणी मार्गदर्शकाने भाषण केलेले नसते आणि तरी प्रेक्षक घडतो.

सहल काढणाऱ्यांनी या सगळ्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट घड्याळाची आहे. पुण्यातल्या नाटकांच्या वेळा ठरलेल्या: दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. साडेनऊचा प्रयोग संपतो तेव्हा विश्रांतवाडीकडे जाणारी बस मिळणे नशिबावर असते, आणि रिक्षाचे भाडे दोन तिकिटांच्या जवळ जाते. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक त्याच्या कितीतरी आधी बंद होते. म्हणजे साडेपाचचा प्रयोग, तोही वसतिगृहाच्या गृहपालाशी आधी बोलून. तिकीट तीनशे-पाचशे रुपयांचे. ते गटासाठी कमी करायला निर्माते बहुतेक वेळा तयार होतात, पण मग मुलांना बाल्कनीच्या मागच्या रांगांत एकगठ्ठा बसवले जाते. मागच्या रांगेतून नाटक दिसते, नटाचा चेहरा दिसत नाही, आणि आपल्याला इथे का बसवले हे मुलांना कळते. वीस मुले पुढे-मागे, इतर प्रेक्षकांत विखरून बसवली तर खर्च तोच येतो.

दुसरी गोष्ट संख्येची. दोनशे मुलांना एकदा नेण्याऐवजी वीस मुलांना दहा वेळा न्यावे. अहवालात दोनशेचा आकडा दोन्हीकडे येतो, हे देणगीदारांना सांगायला हरकत नाही. पहिल्या वेळी मुले इमारत पाहतात: गालिचा, झुंबर, पडदा, इतर प्रेक्षकांचे कपडे. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या, १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी होऊन १९६८ मध्ये उघडलेल्या वास्तूत ते साहजिक आहे. दुसऱ्या वेळी चहा कुठे मिळतो हे ठाऊक असते. नाटक दिसायला लागते ते तिसऱ्या वेळेपासून. आपल्या बहुतेक सहली पहिल्या वेळेलाच संपतात, म्हणजे मुलांनी फक्त इमारत पाहिलेली असते.

आणि प्रत्येक वेळी नदी ओलांडायचीच असे कुठे आहे? विश्रांतवाडीजवळ आगाखान पॅलेस आहे, जिथे १९४२ मध्ये महादेवभाई आणि १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. येरवडा कारागृहही आहे, आणि २६ जानेवारी २०२१ पासून तिथे कारागृह पर्यटन सुरू झाले. शाळेच्या मुलाला पाच रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला दहा. सप्टेंबर १९३२ मधला पुणे करार याच भिंतींआड झाला. फुलेनगरातल्या आंबेडकरी घरातली मुलगी तिथे उभी राहील तेव्हा ती फक्त गांधींच्या उपोषणाची गोष्ट ऐकून घेणार नाही. स्वतंत्र मतदारसंघांचे काय झाले, असे विचारील. मार्गदर्शकाला हा प्रश्न अडचणीचा वाटला तर ती सहल फसली. त्याने थांबून, दोन्ही बाजू सांगून, तिला काय वाटते ते विचारले तर तिथे काहीतरी सुरू झाले. दैत्यांना ‘राग का आला’ असे विचारण्याइतकी शालीनता ब्रह्मदेवाकडे होती.

परतीच्या बसमध्ये मुलांना ‘कसे वाटले?’ विचारले की ‘छान’ हे उत्तर ठरलेले असते. नेणाऱ्याने खर्च केला आहे, उन्हातान्हात धावपळ केली आहे, त्याला दुसरे काय सांगणार? उपकाराच्या भाराखाली अभिरुची वाढत नाही. म्हणून नेणाऱ्याने आधी स्वतःला न आवडलेले काहीतरी सांगावे: मध्यंतरानंतर रेंगाळले, नायिकेची बोली खोटी वाटली, विनोद कामवालीवर होता आणि तो खुपला. मग मागच्या सीटवरून कोणीतरी बोलतो. नांदेडकडच्या मुलाला मराठवाड्याच्या बोलीची नक्कल खटकलेली असते. लष्करी घरातल्या मुलीला सैनिकाच्या पात्राचे बूट चुकलेले दिसलेले असतात. नाट्यसमीक्षक म्हणून आपल्याला हे दोन्ही सुटलेले असण्याची शक्यता बरीच आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर त्यांतल्या एखाद्याने ‘नाटक आवडले नाही’ म्हणून कारणे दिली, तर ती लिहून घ्यावीत आणि त्याच्याच बोलीत, न सुधारता, अशाच एखाद्या अंकाकडे पाठवावीत.